सांध्याच्या शेजारी

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर, नाटकावर किंवा फार तर व्याकरणावर बोलेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. 'मी सांध्यांविषयी बोलेन' असे मी कळवले, तेव्हा कार्यवाहांनी मोठ्या अदबीने विचारले, "सर, गुडघ्यांविषयी का?" माझे वय पाहता तो प्रश्न अगदीच गैर नव्हता. परंतु मला बोलायचे आहे ते ॲल्युमिनियमच्या सांध्यांविषयी. या विषयात माझा अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करतो. अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका स्नेह्यांनी चार-सहा महिने माझ्याकडून हे धडे गिरवून घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली धातू दाखवला, आणि उपमेच्या आहारी जाऊन मी जिथे चुकलो तिथे मला अडवले. तरीही काही चूक राहिली असेल तर ती माझी.

या खटाटोपाला निमित्त घडले ते आपल्याच वाचनकक्षात. उद्यमबागेत ॲल्युमिनियमच्या जोडकामाची लहानशी शेड चालवणारे आपले एक सभासद आहेत. रविवारी सकाळी पुरवण्या वाचायला येतात. एका रविवारी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढे टेबलावर ठेवली. दोन पट्ट्या जोडून केलेला तो एक आधार होता आणि तो तुटला होता. गिऱ्हाइकाने 'तुमचे वेल्डिंग कच्चे' असे म्हणून कामाचे पैसे अडवून धरले होते. ते म्हणाले, "सर, नीट बघा. सांधा तुटलेला नाही. सांध्याच्या शेजारी तुटलंय. मग माझा हात कसा काय चुकला? ह्यावर मराठीत एखादं पुस्तक आहे का आपल्याकडे?"

मी पाहिले. खरोखरच वेल्डिंगची खवल्याखवल्यांची रेघ जशीच्या तशी होती. भेग तिला समांतर, बोटभर अंतरावरून गेली होती. मग ग्रंथपालांना सोबत घेऊन अर्धा तास कपाटे धुंडाळली. कादंबऱ्या होत्या, चरित्रे होती, ज्ञानेश्वरीच्या किती तरी प्रती होत्या. या माणसाच्या प्रश्नाला उत्तर देईल असे पान मात्र सापडले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या न सापडलेल्या पानाची उशिराने केलेली भरपाई आहे.

प्रथम शब्दापासून सुरुवात करतो. तेवढे एक क्षेत्र माझे आहे. सोनाराचे आणि कासाराचे डाखकाम आपल्या भाषेत जुने आहे. त्यात मूळ धातू वितळत नाही, मध्ये दुसरा मऊ धातू वितळवून ओततात. लोहाराची रीत वेगळी. बैलगाडीच्या चाकाची धाव करताना तो पट्टीची दोन्ही टोके भट्टीत पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवी, एकावर एक ठेवी आणि घणाने ठोकून एकजीव करी. तिथेही लोखंड वितळत नसे; ते मऊ होई आणि दाबाने जुळे. दिल्लीला कुतुबमिनाराच्या आवारात गुप्तकाळातला जो लोहस्तंभ उभा आहे, सुमारे सात मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा, तोही लोखंडाचे तप्त गोळे एकमेकांवर ठोकून, सांधून घडवलेला आहे. म्हणजे न वितळवता सांधण्याची विद्या आपल्याला दीड हजार वर्षांपूर्वी चांगली अवगत होती.

पुढे विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडण्याची रीत आली, आणि मराठी परिभाषाकारांनी वेल्डिंगला 'वितळजोड' हा शब्द सुचवला. शब्द चांगला आहे, अर्थवाही आहे. कारखान्यात मात्र मराठी आणि कानडी दोन्ही कारागीर 'वेल्डिंग'च म्हणतात, आणि त्यात वावगे काही नाही. माझा मुद्दा निराळा आहे. 'वितळजोड' या शब्दाने आपण असे गृहीत धरले की जोडायचे तर वितळवायलाच हवे. ॲल्युमिनियमने हे गृहीत खोटे ठरवले.

ॲल्युमिनियम दिसायला गरीब धातू. पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचा, ६६० अंश सेल्सिअसला वितळणारा. पण वेल्डिंगवाल्याला विचारा, इतका त्रासदायक धातू दुसरा नाही. त्याच्या अंगावर हवेतल्या प्राणवायूने एक अदृश्य पापुद्रा सतत धरलेला असतो, आणि तो पापुद्रा वितळायला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय तशीच. शिवाय वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन वायू शोषून घेते, गोठलेल्या धातूच्या सुमारे वीसपट. गोठताना तो वायू बाहेर पडू पाहतो आणि सांध्यात बारीक छिद्रे राहतात. ही दोन्ही संकटे कुशल कारागीर आर्गन वायूच्या आच्छादनाखाली, स्वच्छ हाताने काम करून टाळू शकतो. आपल्या सभासदांनी ती टाळली होती. तिसरे संकट मात्र हाताच्या कौशल्याने टळत नाही, आणि त्यांचा आधार तुटला तो त्या तिसऱ्यामुळे.

ते समजण्यासाठी १९०६ सालात जर्मनीत जावे लागेल. आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून पाहत होता. त्याने नमुना तापवून एकदम थंड केला, पण कठीणपणा मनासारखा येईना. काही दिवसांनी तोच नमुना पुन्हा तपासला तर तो आपोआप कठीण झालेला आढळला. नुसता पडून राहिल्याने धातू बळकट होतो, हे कोडेच होते. त्याचा उलगडा पुढे टप्प्याटप्प्याने झाला. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिये आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचे कारण दाखवून दिले. धातूत विरघळलेली इतर मूलद्रव्ये हळूहळू एकत्र येतात आणि त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके सर्वत्र पसरतात. ताण पडला की धातूच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून घसरू पाहतात. हे पुंजके त्यांच्या वाटेत खुंटीसारखे अडकतात. घसरण थांबते, म्हणजेच धातू बळकट होतो.

आज बाजारात मिळणारा ६०६१ नावाचा मिश्रधातू याच जातीचा आहे. त्यात सुमारे एक टक्का मॅग्नेशियम आणि त्याहून थोडे कमी सिलिकॉन असते. त्याला सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून पाण्यात विझवतात आणि मग १६० ते १७५ अंशांच्या मंद आचेवर कित्येक तास ठेवतात. त्या मुदतीत खुंट्या तयार होतात. अशा पत्र्याची ताणशक्ती किमान २९० मेगापास्कल धरतात. आपल्या भाषेत सांगायचे तर एक चौरस मिलिमीटर जाडीची तार जवळजवळ ३० किलो वजन पेलते.

आता त्यावर आर्गनची ज्योत धरा. सांध्याची रेघ वितळते, ते दिसते. पण तिच्या दोन्ही बाजूंना बोट-दीड बोटाचा पट्टा वितळत नाही, नुसता तापतो. मंद आचेवर मुद्दाम मुरवत ठेवलेले ते पुंजके या धसमुसळ्या उष्णतेत फुगून मोठे होतात आणि संख्येने कमी होतात. शंभर खुंट्यांच्या जागी चार ओंडके उरतात, आणि मधली वाट घसरायला मोकळी होते. बाहेरून काही दिसत नाही. रंग तोच, चकाकी तीच. अमेरिकेतील ॲल्युमिनियम-बांधकामाच्या नियमावलीत या मिश्रधातूच्या जोडकामाशेजारच्या २५ मिलिमीटरच्या पट्ट्याची ताणशक्ती २९० ऐवजी १६५ मेगापास्कलच धरायला सांगितले आहे. ३० किलोचे १७ किलो झाले.

श्रोतेहो, आपल्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. हात चुकला नव्हता. ज्याने आराखडा काढला त्याने पत्र्याची मूळ ताकद धरून हिशेब केला, आणि सांध्याच्या शेजारी काय घडते ते विचारात घेतले नाही. सांधा सुटला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा सुटलेला असतो तो शेजार.

इथे व्याख्यान संपवता आले असते. परंतु उत्तर मिळाल्यावर त्या गृहस्थांनी पुढचा प्रश्न विचारला, "मग न तापवता जोडायची काही युक्ती आहे का?" अगदी न तापवता नाही, पण न वितळवता जोडण्याची आहे.

१९९१ सालच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन टॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. रीत ऐकायला इतकी साधी की ती आधी कुणाला का सुचली नाही याचे नवल वाटावे. दोन पत्रे कडेला कड लावून खालच्या जाड पोलादी पाटावर घट्ट आवळायचे. एक पोलादी दांडा घ्यायचा. त्याच्या टोकाला रुंद खांदा आणि खांद्याखाली पत्र्याच्या जाडीहून किंचित आखूड अशी खुंटी. तो मिनिटाला कित्येकशे फेरे या वेगाने फिरवत दोन्ही पत्र्यांच्या फटीवर दाबायचा. घर्षणाने धातू तापतो, साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत; म्हणजे वितळबिंदूच्या अलीकडेच थांबतो. तिथे ॲल्युमिनियम भिजवलेल्या कणकेसारखे मऊ होते. खुंटी आत शिरते, खांदा वरून दाब देतो, आणि दांडा हळूहळू पुढे सरकू लागला की खुंटीच्या पुढचा धातू तिच्याभोवतीने वळून मागे जातो आणि दाबाखाली एकजीव होतो. ठिणगी नाही, धूर नाही, वरून घालायची सळई नाही.

गृहिणींना हे लगेच कळेल. कणकेचे दोन गोळे नुसते शेजारी ठेवले तर जुळत नाहीत. दोन्ही एकत्र मळावे लागतात. मळताना वरचा कोरडा पापुद्रा मोडतो आणि आतली ओली कणीक कणकेला भेटते. ॲल्युमिनियमच्या अंगावरचा तो हट्टी पापुद्राही इथे वितळवावा लागत नाही, तो मोडून विखुरला जातो. धातू पाणी होत नाही, त्यामुळे हायड्रोजनची छिद्रेही पडत नाहीत.

ही रीत पुस्तकात राहिली नाही. १९९६ पर्यंत नॉर्वेमध्ये जहाजांचे ॲल्युमिनियमचे तक्ते असे जोडले जाऊ लागले. १९९९ साली अमेरिकेच्या डेल्टा-दोन अग्निबाणाच्या इंधनटाक्यांवर तिचा उपयोग झाला. २०१२ साली ॲपल कंपनीने आपल्या संगणकाची पातळ कड याच रीतीने जोडली. आपल्यापैकी कुणाच्या मुलाच्या किंवा नातवाच्या टेबलावर तो संगणक असेल तर हा सांधा आपल्या घरात आहे.

आता सांध्याच्या आत डोकावू. धातूचे अंतरंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची प्रथा इंग्लंडमधील शेफिल्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात घातली. सांधा आडवा कापायचा, आरशासारखा घासायचा, सौम्य आम्लाने खायला लावायचा आणि भिंगाखाली धरायचा. माझ्या स्नेह्यांनी मला तो दाखवला तेव्हा मला चार निरनिराळे प्रदेश दिसले.

मधोमध गाभा. तिथे मूळचे मोठे, लांबट स्फटिककण मोडून नवे बारीक कण जन्मलेले असतात, बहुधा काही मायक्रोमीटरचे. आपला केस साधारण सत्तर मायक्रोमीटरचा असतो हे लक्षात घ्या. या गाभ्यात पुष्कळदा कांद्याच्या पाकळ्यांसारखी वर्तुळे दिसतात. गाभ्याला लागून एक पट्टा असतो. तिथे कण नव्याने जन्मलेले नसतात, फक्त वाकलेले, ओढलेले असतात. त्यापलीकडे जो पट्टा मळला गेला नाही पण तापला, तो आपला जुना ओळखीचा शेजार. आणि त्याच्याही पलीकडे मूळचा अबाधित धातू.

आता या चारही प्रदेशांवर हिऱ्याच्या टोकाने सूक्ष्म खड्डे पाडून कठीणपणा मोजत गेले, तर ६०६१ सारख्या मुरवलेल्या धातूत आलेख इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा येतो. दोन्ही टोकांना मूळ धातू उंच. मध्ये गाभा थोडा उंच, कारण तिथल्या उष्णतेत पुंजके पूर्ण विरघळून गेले आणि थंड झाल्यावर काही अंशी पुन्हा बांधले गेले. आणि गाभ्याच्या दोन्ही बाजूंना दोन दऱ्या. सांधा ओढून पाहिला की तो बहुधा या दरीतच तुटतो. अशा सांध्याची ताणशक्ती मूळ धातूच्या साधारण ६० ते ८० टक्के भरते. आर्गनपेक्षा दरी उथळ झाली, अरुंद झाली, पण बुजली नाही.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की धातूलाच आधार द्यावा. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींत माती मळताना तूस किंवा गवत घालत, काँक्रीटमध्ये खडी आणि सळई घालतात, तसे ॲल्युमिनियममध्ये कठीण कण किंवा तंतू मिसळून 'प्रबलित ॲल्युमिनियम' तयार करतात. हे कण सिलिकॉन कार्बाइडचे, ॲल्युमिनाचे किंवा बोरॉन कार्बाइडचे असतात, बहुधा आकारमानाच्या दहा ते वीस टक्के. टोयोटा कंपनीने १९८३ साली डिझेल इंजिनाच्या दट्ट्याचा काही भाग सिरॅमिक तंतूंनी बळकट केला. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा अँटेना ज्या लांब दांड्यावर आहे तो कार्बनतंतू घातलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, कारण उन्हा-सावलीत तो लांबी बदलत नाही.

असा उमदा धातू जोडायचा कसा? इथे वितळजोड अगदीच हात टेकतो. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण विरघळू लागतात आणि ॲल्युमिनियम कार्बाइडच्या ठिसूळ पात्या तयार होतात. या पदार्थाचा दुर्गुण असा की ओलावा लागला की तो पाण्याशी संयोग पावून मिथेन वायू सोडतो आणि स्वतः भुगा होतो. म्हणजे आज चांगला दिसणारा सांधा पावसाळ्यानंतर आतून पोखरलेला. शिवाय वितळलेल्या रसात कण एका जागी गोळा होतात, रस घट्ट होऊन नीट वाहत नाही. ज्या आधारासाठी कण घातले तोच आधार सांध्याच्या जागी शत्रू होतो.

न वितळवता मळण्याची रीत म्हणूनच इथे खरी उपयोगी ठरली. तापमान वितळबिंदूखाली राहते, म्हणून ती घातक पाती तयार व्हायला वावच राहत नाही. कणांचे गठ्ठे मोडतात, त्यांच्या तीक्ष्ण कडा झिजतात, मोठे कण फुटून लहान होतात, आणि गाभ्यात ते मूळ धातूपेक्षाही अधिक सारखे पसरतात. ते स्फटिककणांच्या सीमांना धरून ठेवतात, त्यामुळे कण बारीकच राहतात. आणि बारीक कणांचा धातू बळकट, हा नियम हॉल आणि पेच या दोन शास्त्रज्ञांनी १९५१ आणि १९५३ साली मांडलेला आहे.

पण प्रत्येक सोयीची किंमत असते. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे आपल्या ग्राइंडिंगच्या चाकातला कार्बोरंडम. जो पदार्थ पोलादाला धार लावतो, त्याच पदार्थाने भरलेल्या धातूत पोलादाची खुंटी फिरवायची! ती झिजणारच. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो येथील मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून ही झीज मोजली. वीस टक्के कण असलेल्या धातूत खुंटीचे आटे झिजून जातात, फेरे वाढवले की झीज वाढते, पुढे सरकण्याचा वेग वाढवला की कमी होते. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. झिजता झिजता खुंटीला एक विशिष्ट गुळगुळीत आकार येतो आणि त्यानंतर झीज जवळजवळ थांबते. तरीही सांधा चांगलाच होत राहतो. काम करता करता हत्याराने स्वतःचा आकार शोधून काढला. आपल्या जुन्या कारागिरांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

आणखी एक वाट अशी की साधेच दोन पत्रे घ्यायचे, फक्त सांध्याच्या रेषेवर बारीक चर पाडून त्यात कठीण पूड भरायची आणि मग मळायचे. सांधाच प्रबलित होतो. पुडीचे गोळे राहू नयेत म्हणून त्याच रेषेवरून दोनतीनदा दांडा फिरवावा लागतो. राहिलेला गोळा भेगेचे बीज ठरतो. मळून संमिश्र तयार करण्याचे हे तंत्र अमेरिकेत काम करणाऱ्या राजीव मिश्रा या भारतीय शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पत्र्याच्या पृष्ठभागावर करून दाखवले होते.

हे सारे ऐकून मी स्नेह्यांना उत्साहाने म्हणालो, "म्हणजे आता प्रश्न सुटला! सांधाच मूळ धातूहून बळकट झाला." ते हसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही पुन्हा सांध्याकडेच बघताय."

त्यांचे म्हणणे मला समजायला थोडा वेळ लागला. जो ॲल्युमिनियम-मिश्रधातू मुरवून कठीण केलेलाच नाही, त्याच्या शेजारात उष्णतेने बिघडण्यासारखे फारसे नसते. तिथे सांध्यात पूड घालून खरोखर ताकद वाढवता येते. परंतु ६०६१ सारख्या मुरवलेल्या धातूत गाभा कितीही बळकट केला तरी ओढल्यावर तो तुटणार शेजारच्या दरीत. साखळीची एक कडी सोन्याची केली म्हणून साखळी बळकट होत नाही. धातू सर्वत्र प्रबलित असला तरी कण ज्या ॲल्युमिनियममध्ये बसलेले आहेत ते मुरवलेलेच असते, आणि त्याचे पुंजके उष्णतेने तसेच बिघडतात. कण उष्णतेला दाद देत नाहीत, शेजार देतो.

मग उपाय काय? जोडल्यावर संपूर्ण वस्तू पुन्हा तापवून, विझवून, मुरवणे. त्याने दरी पुष्कळशी भरून येते. साध्या मिश्रधातूत या वेळी गाभ्यातले कण बेसुमार वाढण्याचा धोका असतो. प्रबलित धातूत कठीण कण त्यांना आवरतात. गाभ्यात कणांचा खरा लाभ हा असा आडवळणाने पदरात पडतो. मोठी वस्तू भट्टीत मावत नसेल, तर सांधा कमी ताणाच्या जागी नेणे, किंवा शेजारचा पट्टाच मुळात जाड ठेवणे. सारांश, सांध्याची ताकद वाढवायची तर सांध्यापलीकडे पाहावे लागते.

आणखी एक दोष सांगितल्याविना राहवत नाही. खुंटी थोडी आखूड पडली किंवा दाब कमी झाला, तर तळाशी दोन पृष्ठे एकमेकांना घट्ट टेकतात पण जुळत नाहीत. मध्ये जुना पापुद्रा तसाच राहतो. इंग्रजी परिभाषेत त्याला चुंबनाची उपमा दिली आहे; आपण 'टेकलेला सांधा' म्हणू. फट नसल्यामुळे क्ष-किरणांच्या छायाचित्रातही तो सहसा दिसत नाही. वाकवून पाहिला की उघडा पडतो. दिसण्यात जुळलेले आणि खरोखर जुळलेले यांतला फरक ताण पडल्याशिवाय कळत नाही, हे धातूच्या बाबतीत तरी निर्विवाद आहे.

या रीतीच्या मर्यादाही सांगतो, नाही तर उद्या उद्यमबागेतून मला बोलावणे यायचे. दाब फार लागतो, कित्येक किलोन्यूटन. पत्रे घट्ट आवळावे लागतात. शेवटी दांडा वर काढला की खुंटीचे भोक मागे राहते. वेड्यावाकड्या वस्तूंना ही रीत सोयीची नाही. तरी सरळ पट्ट्यांचे काम उभ्या मिलिंग मशीनवर करून पाहता येते, आणि आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत ते तसेच केले जाते.

आता त्या तुटलेल्या आधाराचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. स्नेह्यांनी तो कापून कठीणपणा मोजून दिला. रेघेपासून दूर मूळ कठीणपणा, रेघेजवळ एकदम घट, आणि भेग नेमकी त्या घटीत. आकड्यांचा तो कागद घेऊन आपले सभासद गिऱ्हाइकाकडे गेले. पुढचे आधार शेजारची पट्टी जाड करून बनवायचे ठरले. अडलेले पैसे किती मिळाले ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "सर, हात चुकला नव्हता हे लिहून मिळालं."

तो कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो माझ्याकडून मराठीत समजून घेतला आणि त्या निमित्ताने मीही समजून घेतला. त्यावेळी शब्द अडले. 'ढवळणे' चालेना, कारण ढवळतात ते पातळ पदार्थाला. 'मळणी' म्हणावे तर खळे डोळ्यांपुढे येते. शेवटी मी 'मळजोड' असा शब्द करून पाहिला. त्यावर ते म्हणाले, "मळ म्हणजे घाण ना सर?" मी म्हटले, "अहो, मळ मोडूनच तर हा जोड होतो." शब्द टिकेल की नाही ते कारखान्यात ठरेल, परिभाषा समितीत नव्हे. वितळल्याशिवायही जुळता येते, एवढे त्या शब्दाने सांगितले तरी पुरे.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे वाचनालय काढले त्यांना वाटले असेल की वाचणारा माणूस आणि ग्रंथ यांची भेट घडवावी. ती भेट कादंबरीपुरती उत्तम घडली. पण रविवारी पुरवणी वाचायला येणारा माणूस सोमवारी ज्या धातूपुढे उभा राहतो, त्याविषयी आपल्या कपाटात त्याच्या भाषेत काही नाही. म्हणून कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे. शताब्दीच्या निधीतून एक लहान कपाट कारागिरांच्या नावाने ठेवावे. आणि जी पुस्तके मिळत नाहीत ती आपल्यातल्याच जाणत्यांकडून सोळा-सोळा पानांची का होईना, लिहून घ्यावीत. पहिल्या पुस्तिकेचा मजकूर मी आज आपणापुढे वाचला, असे समजावे. दुरुस्त्या माझे स्नेही करतील, आणि तिची पहिली प्रत कुणाला द्यायची ते आपणांस सांगायला नको.